पुठ्ठ्याचे त्रिकोण
थांबा, हे आत्ताच टाइप करतोय, न्हायतर परत धीर व्हायचा न्हाय. आज पार्सल फोडलं, नव्या पुठ्ठ्याचा वास आला आणि डायरेक्ट दहावीतल्या गणिताच्या बाई आठवल्या. आमच्याच गल्लीत, घरी शिकवणी घ्यायच्या त्या. आम्ही तिघंच, पण तिघांना तीन तऱ्हा. एकाला गणित मोठ्यानं बोलायला लावायच्या, एकीला रंगीत खडूनं आकृती काढून द्यायच्या, आणि मला पुठ्ठा अन् कात्री. "तुझं डोकं हातात हाय बघ," म्हणायच्या. खरंच, त्रिकोण कापून एकावर एक ठेवले की मला सगळं कळायचं. पण बोर्डाच्या पेपरात पुठ्ठा कुठनं आणणार? मी पुरवणीचं पान फाडलं आणि त्रिकोण करायला लागलो. सुपरवायझर धावतच आले. "काय रं, चिठ्ठी करतोयस व्हय?" "न्हाय सर, त्रिकोण हाय!" "मला शिकवतोस?" पेपर काढून घेतला. परत दिला, पण आता कागद फाडायची सोय न्हवती, पुढं एकपण गणित सुटलं न्हाय. नापास झालो. बाईंना सांगायला गेलतो, तर त्या रागावल्याच न्हाईत. "चुकलं माझंच. पुठ्ठ्याशिवाय सोडवायला शिकवायचं राहूनच गेलं की रं," एवढंच म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी सगळे पुठ्ठे भंगारवाल्याच्या गाड्यावर, आणि शिकवणी कायमची बंद. नंतर मी पास झालो, पण त्यांच्या दारात जायची हिंमत आजपण होत न्हाय. तुमच्यामुळं कधी कुणी शिकवायचंच सोडलंय का ओ?