कोरड्या विहिरीतली घंटी

आमच्या विहिरीवर मी आजही भर दुपारी जात नाही. भितो म्हणून नाही. मी कशाला भीत नाही, हे रेणापूरच्या बाजारात कुणालाही विचारा. जात नाही, एवढंच.

लातूर जिल्हा नवा झाला होता तेव्हाची गोष्ट. आधी एकेका कागदासाठी उस्मानाबादेला धावावं लागायचं. आता जिल्हा दाराशी आला, पाऊस मात्र आला नाही. आमची विहीर माझ्या बापानं खोदलेली, तळापर्यंत पायऱ्यांची. त्या साली तिच्यात कबुतरंसुद्धा राहिनाशी झाली. वाकून हाक मारली की आवाज जरा उशिरानं परत यायचा, आणि तो आपला वाटायचा नाही.

माझी थोरली पोरगी तेव्हा नववीत. शाळेत नवे मास्तर आले होते, त्यांनी विज्ञान मंडळ काढलं. रविवारी पोरं जमवायची, मोडका रेडिओ उघडायचा, गिरणीची मोटार दाखवायची. एकदा औशाच्या रस्त्याला पुलाचं काम चाललं होतं, तिथंही नेऊन आणलं. त्या दिवसापासून पोरीच्या तोंडात पुलाशिवाय दुसरं नाव नाही.

"आबा, पुलाच्या खांबाखाली किती खोल खणत्यात, ठाव हाय का?"

"मला हीर खणायचं ठाव हाय. बास हाय तेवढं."

"हीर खणली, पण पाणी कुठंय तिच्यात?"

मी तिसरीत शाळा सोडलेला माणूस, पण असल्या बोलण्याला उत्तर द्यायला शाळा लागत नाही. मी उठून गेलो.

मंडळानं पाण्याची घंटी बनवली. दोन उघड्या तारा खाली सोडायच्या. पाणी तारांना लागलं की वर टांगलेली घंटी वाजणार. मधे सेल आणि रेडिओतला तीन पायांचा किडा, ट्रान्झिस्टर म्हणतात तो. लातूरला नव्या जिल्ह्याचं प्रदर्शन भरणार होतं. इंजिनेर लोक येणार, पोरांशी बोलणार, दहावीनंतर काय शिकायचं ते सांगणार. मास्तर स्वतः घरी आले, पोरीला पाठवा म्हणाले. इकडं टँकरच्या रांगेत हंडे लावायला माणूस पुरत नव्हतं. पोरगी उंबऱ्यात उभी राहून माझ्या तोंडाकडं बघत होती.

मी म्हणालो, "माझ्या हिरीत घंटी वाजव. वाजली की जा लातूरला."

मास्तर हसले. पोरगी हसली नाही. तिनं तारा उचलल्या, विहिरीत सोडल्या, तळाच्या खोलगट कपारीत बसवल्या आणि घंटी काठच्या कडुलिंबाला टांगली. रोज शाळेतून आली की तिकडं बघून यायची. मी बघून न बघितल्यासारखं करायचो.

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी शाळेला सुट्टी होती. आम्ही शेतातल्या छपरात भाकरी खात होतो. ऊन असं की पाखरू नाही, वारा नाही. आणि घंटी वाजली.

थांबून थांबून नाही. सलग. कुणी बोट दाबून धरल्यासारखी.

बायकोच्या हातातली भाकरी तशीच राहिली. "अवो, आसरा बोलवायल्यात. पोरीला धरा."

आसरा म्हणजे विहिरीतल्या सात बाया, पाण्याच्या देवता; त्यांना हळदीचा मान. भर दुपारी काठावर जायचं नाही, गेलंच तर नाव घ्यायचं नाही, हे आमच्याकडं लेकरालाही माहीत. मी हात पुढं केला तोवर पोरगी निघालीसुद्धा.

मी काठाशी पोचलो तर ती निम्म्या पायऱ्या उतरलेली. घंटी माझ्या डोक्यावर वाजत होती. मग एकाएकी थांबली. ती शांतता घंटीपेक्षा वाईट होती.

"पोरी!"

माझी हाक खाली गेली, उशिरानं वर आली. तिची नाही आली.

मग खालून आवाज आला. "आबा, तारा मीच उचलल्या. पाणी न्हाई. हळद हाय."

"काय?"

"हळदीचं पाणी हाय कपारीत. जरासंच. झरा न्हाई फुटला."

वर आली तेव्हा तिची बोटं पिवळी होती आणि डोळे भरलेले. पाणी लागलं म्हणाली असती तर मी कुठं उतरून बघणार होतो? तिला ते कळत होतं.

"कुणीतरी वरून ओतली असंल," ती म्हणाली. पण वरून ओतली असती तर भिंतीला शिंतोडे उडाले असते. भिंत कोरडी होती. पायऱ्यांवर धुळीचा थर होता, त्यात पावलं एकट्या पोरीची.

"तू टाकलीस का?" मी बायकोला विचारलं.

"माझ्या डब्यात पोळ्यापासून हळद न्हाई. कालवण बिनहळदीचं खाताय, कळंना का तुमाला?"

पोरगी तारा गुंडाळायला लागली. "जाऊ द्या आबा. खरं पाणी नव्हतं. मी ऱ्हाते घरी."

"मी पाणी म्हणलो होतो का?" मी म्हणालो. "घंटी म्हणलो होतो. वाजली. सकाळची एस्टी धर."

ती गेली. हंडे मी लावले. बायकांच्या रांगेत मी एकटा बाप्या, हसणाऱ्या हसल्या.

आता ती नांदेडकडं पाण्याच्या टाक्या बांधते. गावी आली की विहिरीत उतरते, तेही भर दुपारी, मुद्दाम. मी बांधावर थांबतो. ती वर येऊन हात धुईपर्यंत तिच्या बोटांकडं बघत नाही.