कणकेचा गोळा

सातारा सोडून मी अकोल्यास आलो तो कापसामुळे. अमेरिकेत लढाई जुंपली होती, विलायतेच्या गिरण्यांना कापूस मिळेना, आणि वऱ्हाडात ज्याला त्याला कापसानं झपाटलं होतं. अमरावतीच्या एका अडत्यानं अकोल्यात वखार काढली, तिथं मला कारकुनी मिळाली. इथले लोक गाडीच्या चाकांना चांदीच्या धावा बसवतात, असं घरी कुणीतरी सांगितलं होतं. मला तशी गाडी एकही दिसली नाही; दिसली ती धूळ.

बरोबर बायको होती आणि मृदंग होता. बायकोला लगेच शेजार मिळाला. मृदंग मात्र खोळीत पडून राहिला. एकट्यानं वाजवून पाहिलं, पण गाणाराच नसेल तर वाजवायचं कुणासाठी? हात जड होऊ लागला. शेवटी ठरवलं, होळीला आमच्या गावाकडे जी गाडी निघेल तिच्यात मृदंग भावाकडे पाठवून द्यायचा आणि हा नाद सोडायचा. त्या दिवशी बायकोच्या हातून आमटीत मीठ पडलं नाही.

वास्तविक गाणारे होते. वखारीमागच्या मारुतीच्या देवळात दिवेलागणीला कुणबी मंडळी भजनाला बसत. गळे रांगडे, पण सूर पक्का. मी रोज दाराशी जाऊन उभा राही. आमच्याकडची रीत अशी, की बोलावल्याशिवाय बैठकीत पाय टाकायचा नाही. वाद्याला हात लावणं तर दूरच. म्हणून मी बोलावण्याची वाट पाही. पण मी दिसलो की म्हणणाऱ्यांचे आवाज उतरत, एकदोघं पाठ फिरवून बसत आणि अभंग कसाबसा आटोपला जाई. मी चरफडत घरी येई. "यांना बाहेरचा माणूस खपत नाही," असं बायकोला ऐकवी.

त्यात आणखी एक दुखणं. मृदंगाच्या डाव्या पुडीला ओली कणीक थापतात, तेव्हा कुठं तिचा आवाज खोल येतो. वऱ्हाडच्या कोरड्या हवेत देवळातल्या मृदंगाची कणीक पहिल्या अभंगातच वाळायची, तडकायची, तिचे पोपडे गळून पडायचे. मग डावी बाजू नुसती ठणठणत राही. वाजवणारा पाण्याचं बोट लावून वेळ मारून नेई. दाराशी उभं राहून ते ऐकणं म्हणजे दुसऱ्याच्या घासातला खडा आपल्या दाताखाली येणं.

होळी तोंडावर आली. गाडीवानाशी बोलणंही झालं. त्या संध्याकाळी मी पुन्हा तेच गाऱ्हाणं लावलं तेव्हा बायको पोळ्यांची कणीक मळत होती. तिनं एक गोळा तोडला, ओल्या फडक्यात गुंडाळला आणि माझ्या हातावर ठेवला.

"मला काय सांगता? त्यांना नेऊन द्या. कणकेला कुणी हाकलत नाही."

गेलो. मी दिसताच आवाज उतरले. मी उंबऱ्यावर फडकं उलगडलं. मृदंगवाल्यानं गोळा पाहिला, मग माझ्या बोटांकडे पाहिलं आणि तो हसायलाच लागला. टाळ धरलेले एक म्हातारबुवा पुढे सरकले.

"तुमी वाजवता काय हो?"

"वाजवत होतो."

"मंग इतके दिस काहून उभे राह्यले दारात? आमाले वाटलं, अडत्याचा मानूस हाये, उभ्या पिकाचा सौदा कराले आला! इथं कोनी कोनाले बलावत नाही बाप्पा. भजनाले आला तो बसते, सौद्याले आला तो उभा रायते."

देवळात हशा पिकला, त्यात माझंही हसू होतं. तेवढ्यात मृदंग माझ्या मांडीवर आला. कणीक लावली, थाप दिली, आणि डाव्या पुडीतून तो भरदार आवाज निघाला तेव्हा माझे डोळे भरून आले. ते मी लपवले नाहीत. हात अडखळत होता. ठेका सुटला की म्हातारबुवा टाळ जोरात वाजवून मला सावरून घेत. इतकं हलकं मला वऱ्हाडात आल्यापासून वाटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी वखारीतून परतलो तर गाडीवान आमच्या ओट्यावरून उठत होता. बायकोनं त्याला गूळपाणी दिलं होतं आणि रिकाम्या हातानं वाटेला लावलं होतं. मृदंगाची खोळ धुऊन दोरीवर वाळत घातलेली दिसली. मी पाय धुतोय तोवर तिनं ओल्या फडक्यातला गोळा आणून माझ्यापुढे ठेवला.

"निघा आता. आणि आज दारात उभे राहू नका."