न आलेली गाडी

शर्यत सुटताना सगळे लोक उभे राहत आणि लॅपवाले तात्या तिकडे पाठ करून बसत. झेंडा खाली येई, वीस-बावीस गाड्या एकदम गुरगुरत निघत, पोरं शिट्ट्या मारत आणि तात्या मांडीवर पट्टी ठेवून वहीत रेघा आखत असत. "सहा तास बघायचंय ना? मग पहिला तास बघायचा नाही," ते म्हणत. "पहिल्या तासात सगळेच शूर असतात."

ही शर्यत बारवी धरणाच्या पलीकडे, भात कापून झालेल्या खाचरांतून आणि माळावरून हिवाळ्यात होई. गॅरेजवाल्यांनी ठोकून उभ्या केलेल्या जुन्या गाड्या, एक फेरी, म्हणजे लॅप, साधारण सात मिनिटांची, आणि सहा तासांत ज्याच्या फेऱ्या जास्त तो पहिला. तात्या आमच्या अंबरनाथच्या कारखान्यात गेटवर टाइमकीपर होते, मी स्टोअरमध्ये. ते निवृत्त झाल्यावर आम्ही दोघं दरवर्षी जायचो. फेऱ्या मोजायला त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. आयोजकांची मोजणी वेगळी चाले. आम्ही नुसते प्रेक्षक.

पण प्रेक्षकानं कसं वागावं याबद्दल तात्यांची मतं पक्की होती. वळणाच्या आतल्या बाजूला बसायचं, बाहेरच्या बाजूला कधीच नाही, कारण सुटलेली गाडी बाहेर जाते. वारा पाठीवर घ्यायचा, म्हणजे धूळ समोरच्यांच्या तोंडात जाते. पूर्ण बाह्यांचा शर्ट, कानात कापूस, माणशी दोन बाटल्या पाणी. जेवण तिसऱ्या तासाला, भूक असो वा नसो. मी एकदा म्हणालो, "तात्या, भूक लागल्यावर खाऊ की." ते म्हणाले, "भूक चौथ्या तासाला लागते आणि खरी शर्यत चौथ्या तासाला सुरू होते. तेव्हा तू डबा उघडून बसणार काय?"

सगळ्यात मोठा नियम वेगळाच होता. "येणारी गाडी सगळं जग बघतं. आली नाही ती बघायची." अर्धा रस्ता टेकडीमागे जाई, तिथलं आम्हाला काही दिसत नसे. म्हणून प्रत्येक गाडीला वहीत एक ओळ आणि प्रत्येक फेरीला एक खूण. खूण राहिली की तात्या उठून उभे राहत. ही सवय गेटवरची. एकदा पाळी सुटल्यावर दोनशे अकरा कार्डांपैकी एक पंच व्हायचं राहिलं होतं. वॉचमन म्हणाला, "विसरला असेल हो, गेला असेल घरी." तात्या आत गेले. माणूस टाकीमागे गॅस लागून बेशुद्ध पडला होता. तो वाचला.

शर्यतीत मात्र एका वर्षी त्यांचं हसं झालं. नऊ नंबर आली नाही म्हणून त्यांनी आरडाओरडा करून दोन मोटरसायकली पाठवल्या, तर तो ड्रायव्हर झाडाखाली बसून बायकोशी फोनवर भांडत होता. "काय तात्या, फुकट पळवलंत!" मोटरसायकलवाले म्हणाले. तात्या म्हणाले, "फुकट पळालात हेच बरं झालं."

त्यांच्याकडे बघून मीही एका कागदावर खुणा करायला लागलो होतो. आकड्यांची मला आवड आहे. दिवसाअखेर आम्ही दोघांचं ताडून बघायचो आणि चूक निघाली तर ती दरवेळी माझी असायची.

शेवटच्या वर्षी सतरा नंबरची पांढरी गाडी आमच्या कॅम्प चार वस्तीतल्या जीतूची होती. जीतू सिंधी, गॅरेजवाला, माझी स्कूटर तोच बघायचा. तो आणि त्याचा धाकटा भाऊ राजू आलटून पालटून चालवणार होते. सुरू होण्याआधी जीतू आमच्याकडे येऊन गेला. "तात्या, मेरा एक लॅप जास्ती लिखना, साईं!"

"लिहितो की. आधी मार तर."

"आपकी वही में तो भगवान भी पास नहीं होगा!" असं म्हणून तो हसत गेला.

तात्यांच्या दोन्ही डोळ्यांत तेव्हा मोतीबिंदू होता. डॉक्टरांनी तारीख दिली होती, पण "शर्यत झाली की काढू" म्हणून त्यांनी ती पुढे ढकलली होती. सकाळपासून ते वही नाकाशी धरत होते. मी ते पाहिलं होतं.

चौथ्या तासाला धूळ फार उडाली होती. त्या धुळीतून एक पांढरी गाडी गेली. मला अकरा नंबर दिसला. मी अकराला खूण केली आणि सतराची वाट बघू लागलो. सतरा आली नाही. मी तात्यांच्या वहीत डोकावलो. त्यांनी सतराला खूण केली होती. मला वाटलं, आपलंच चुकलं असणार. मी माझ्या कागदावरही सतराला खूण केली. अकराची पुसायची राहिली. अकराही पांढरीच, आणि ती सकाळपासून पाणी भरायला सारखी थांबत होती, म्हणून वहीत तिची खूण राहिली तरी तात्या उठले नाहीत.

पुढच्या फेरीला सतरा आली नाही तेव्हा तात्या उठले आणि ओरडले. माणसं धावली. टेकडीमागे ओहोळ होता. तिथे नेमलेला माणूस जेवायला गेला होता आणि राजू पेट्रोलचे डबे आणायला, हे नंतर कळलं. गाडी ओहोळात उलटी पडली होती. जीतूचा सीटचा पट्टा आवळलेला, डोकं पाण्यात. पाणी गुडघ्याएवढंही नव्हतं. तो गेला होता. सात मिनिटं आधी पोचलो असतो तर वाचला असता का, हे डॉक्टरांनाही सांगता येत नाही. मी विचारलेलं आहे.

स्मशानात राजू तात्यांच्या पाया पडला. "सबसे पहले आपने देखा," तो म्हणाला. मी शेजारीच उभा होतो.

चार दिवसांनी तात्यांनी मला घरी बोलावलं. "तुझा कागद घेऊन ये." त्यांनी आयोजकांकडून सगळ्या गाड्यांच्या फेऱ्यांचा आकडा आणला होता. "अकराच्या फेऱ्या त्यांच्याकडे एकोणतीस. माझ्याकडे अठ्ठावीस. तुझ्याकडे?"

"एकोणतीस."

त्यांनी माझा कागद नाकाशी धरला. "त्या फेरीला तुझी सतरालाही खूण आहे. दोन्ही आल्या होत्या?"

"सतराची तुमची वही बघून केली."

"म्हणजे तुला दिसलं होतं."

"तात्या, मला वाटलं मीच चुकलो. तुमचं कधी चुकत नाही."

त्यांनी कागदाची घडी घातली. मग म्हणाले, "एकदा विचारायचं होतंस रे. नुसतं 'तात्या, सतरा का अकरा?' एवढंच." आणि कागद परत देताना म्हणाले, "माझ्या डोळ्यांचं ऑपरेशन होईल. तुझ्या या सवयीचं काय करायचं?"

दुसऱ्या दिवशी ते एकटेच वही घेऊन राजूकडे गेले. परतताना माझ्याकडे आले, पण आत आले नाहीत. दारातूनच म्हणाले, "माझं सांगून आलो. तुझं सांगितलं नाही. ते तू सांग." राजू काय म्हणाला, मी विचारलं. "चहा पाजला. पण नंतर माझ्याकडे बघितलं नाही त्यानं."

ऑपरेशन झालं, तात्यांना स्वच्छ दिसू लागलं, पण शर्यतीला ते पुन्हा गेले नाहीत. मीही नाही. भेटलो की ते प्रकृती विचारायचे, घरच्यांची चौकशी करायचे. राजूला सांगितलंस का, हे त्यांनी एकदाही विचारलं नाही. दोन वर्षांत माझी स्कूटर सहा वेळा त्या गॅरेजमध्ये गेली. सहाही वेळा राजूनं माझ्यासाठी चहा मागवला आणि सहाही वेळा मी तो पिऊन आलो.

यंदा तात्या गेले. तेराव्याहून परतताना मी घरी न जाता कॅम्प चारच्या त्या गॅरेजवर गेलो. राजू एका गाडीखाली झोपून काम करत होता. "बोलो साईं," तो खालूनच म्हणाला. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. अकरा, सतरा, माझी खूण, सगळं. तो बाहेर आला नाही. फक्त त्याचे पाय दिसत होते.

"बीच में कितना टाइम गया?" त्यानं विचारलं.

"सात मिनिटं."

खालून पान्याचा आवाज पुन्हा सुरू होईल म्हणून मी थांबलो. तो झाला नाही.