उसातली मादी आणि सहाशेची लेन्स

माझ्या नाकावर पहिला ठोसा मारला तो माझ्या मावसभावाने. बाकीच्यांनी नंतर मारलं. कोणी लाथा घातल्या, कोणी उसाच्या टिपऱ्याने मांड्या झोडपल्या, एकाने कोयत्याची पाठ डाव्या मनगटावर घातली आणि हाड मोडल्याचा आवाज मला कानात नाही, दातांत ऐकू आला. पण सुरुवात दादाने केली. हे मी पुढे बऱ्याच जणांना सांगितलं. दरवेळी समोरचा असं तोंड करी, की जणू मीच काहीतरी घाण बोललो.

मी सुरतेचाच. वडील धुळ्याकडून इथे लूमवर आले आणि परत गेले नाहीत. मी पांडेसऱ्यात एका डाइंग मिलमध्ये रंग जुळवतो. व्यापारी बोटभर चिंधी पाठवतो, तोच रंग आख्ख्या ताग्यात उतरवायचा. दिवसभर गुलाबीतला पिवळा आणि पिवळ्यातला हिरवा शोधून डोळे इतके किटतात, की रविवारी त्यांना दुसरं काहीतरी द्यावंच लागतं. म्हणून कॅमेरा घेतला.

पहिल्या कॅमेऱ्यासोबत आली ती साधी अठरा-पंचावन्नची लेन्स. तिने घर, बायको, सापुताऱ्याचं तळं, सगळं ठीकठाक यायचं. पण तापीच्या काठावर बगळा टिपला, तर फोटोत तांदळाचा दाणा. मग मी एक पन्नासची घेतली. तिने बायकोचे फोटो फार सुंदर आले. बगळा होता तिथेच राहिला. तेव्हापासून डोक्यात लांबच्या लेन्सचं भूत शिरलं. तीनशेची एकच, हलकी आणि धारदार घ्यावी, की दीडशे ते सहाशेची झूम, जड, थोडी मंद, पण सगळीकडे चालणारी? महिनोन् महिने मी हेच वाचत होतो. बायको म्हणायची, "तुम्ही पक्षी बघता की पक्ष्यांच्या चष्म्याचा नंबर काढता?" शेवटी कतारगामच्या एका हिरेवाल्याने आफ्रिकेच्या सहलीसाठी घेतलेली झूम विकायला काढली, आणि मी ती उचलली. लहान बाळाइतकी जड. पट्टा मानेत घातला की मान पुढे वाकायची. मला ते ओझंसुद्धा आवडायचं.

दादा म्हणजे माझ्या सख्ख्या मावशीचा थोरला. बारडोलीकडे ऊसतोडीच्या टोळ्यांचा मुकादम. दिवाळीनंतर नंदुरबार आणि डांगातून माणसं भरून आणायचा, पाऊस लागेपर्यंत शेताशेतांत फिरवायचा. दणकट, तोंडाने फाटका. लहानपणी वस्तीत मला कोणी मारलं, की हा कारण न विचारता जाऊन त्याला मारून यायचा. मला त्याचा अभिमान होता.

त्यानेच फोन केला. "भाऊ, बिबट्या दखाडसू तुले. कॅमेरा लई ये."

बारडोली पट्ट्यात बिबट्या नवा नाही. उसात तो राहतो, तिथेच पिल्लं घालतो. तोडणी सुरू झाली की शेत कडेने उघडं पडत जातं आणि जनावर आत आत सरकत राहतं. शेवटी मधला तुकडा उरतो. दादा म्हणाला, उद्या सकाळी तो शेवटचा तुकडा तोडणार, जनावर बाहेर पडेल आणि ओढ्याकडे पळेल. तू कालव्याच्या बांधावर उभा राहा. मी पहाटे मोटरसायकल काढली. चलथाण ओलांडेपर्यंत कारखान्याच्या मळीचा वास नाकात होता आणि मी मनात हिशोब मांडत होतो: उजेड असा असेल तर शटर किती ठेवायचं, पळतं जनावर आहे.

बांध आणि शेत यांच्यात बरंच अंतर होतं. माणसं नुसत्या डोळ्यांनी रंगीत ठिपके दिसत होती. सहाशेवर लावलं की त्यांचे दात दिसायचे. माझा डोळा त्यांच्यात होता आणि कान बांधावर, पाण्याच्या आवाजात.

ऊस पडत गेला. तुकडा एका खोलीएवढा उरला असेल, तेव्हा एक तरुण बाई मोळी बांधायला वाकली. डांगातली, दादाच्याच टोळीतली. तिची त्या तुकड्याकडे पाठ होती. बिबट्या ओढ्याकडे गेला नाही. तो सरळ तिच्या पाठीवर आला. लेन्स पुढच्या पानावर फोकस धरून बसली होती, त्यामुळे मला आधी फक्त एक पिवळा डाग उडाल्यासारखा दिसला. फोकस बसला तेव्हा ती पालथी पडली होती आणि तिचं डोकं त्याच्या जबड्यात होतं. काही क्षणांनी तिची किंकाळी बांधावर पोचली, पातळ झालेली.

दादा सगळ्यात आधी धावला. हातात कोयता होता. त्याने जनावराच्या कमरेवर घाव घातला, तसं बिबट्याने बाईला सोडलं, वळून दादाच्या पोटरीला पंजा मारला. मग सगळे आले. काठ्या, कोयते, ट्रॅक्टरचा लोखंडी रॉड. पहिले काही घाव बाईला सोडवण्यासाठी होते, हे मी कोर्टातही सांगितलं. पण तिला उचलून बाजूला नेलं तरी मारणं थांबलं नाही. मागचे पाय निकामी झालेलं ते जनावर पुढच्या पायांवर स्वतःला ओढत होतं, आणि माणसं आळीपाळीने पुढे होऊन घाव घालत होती. मला मिशांवरचा फेस दिसत होता. जनावराचा एक डोळा गेला होता. दुसऱ्याने ते कोणाकडेच बघत नव्हतं, समोरच्या उघड्या रानाकडे बघत होतं. मी बटण दाबत राहिलो. दादाचा चेहरा चौकटीत आला. तो हसत नव्हता, ओरडत नव्हता. लाकूड फोडताना माणूस दिसतो तसा दिसत होता.

तेवढ्यात गावातला एक जण बांधाकडे हात करून ओरडला, "एय, फोटा पाडे छे! पकडो एने!"

तिथे बऱ्याच जणांनी मोबाईलवर काढलंच होतं. पण मोबाईल खिशात गेले. माझी तोफ कुठे जाणार? बिबट्या मारणं म्हणजे तुरुंग, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. घोळका बांधाकडे पळत निघाला. पुढे दादा, लंगडत, पण पुढे. मला वाटलं, तो येतोय म्हणजे आता काळजी नाही. मी पळालो नाही ते त्यामुळेच.

"काय करी ऱ्हायना रे तू?" म्हणाला, आणि ठोसा मारला.

मी खाली पडल्यावर त्याने पट्टा माझ्या मानेतून ओढून काढला. कॅमेरा बांधाच्या दगडावर आपटला. लेन्स मधून मोडली, काचा उडाल्या. कार्ड काढून त्याने कोयत्याने ठेचलं. बाकीचे तोवर माझ्यावर तुटून पडले होते. कोणीतरी म्हणालं कालव्यात टाका. टाकलं नाही, एवढंच.

जखमी बाईला ज्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घातलं, त्याच ट्रॉलीत मलाही घातलं. शेजारी शेजारी उसाच्या पाचटावर आम्ही दोघं. तिच्या डोक्यावरची कातडी पदराने दाबून धरली होती, डावा कान नव्हता. ती सारखं विचारत होती, "माझा कोयता कुठाय?" माझ्या नाकातलं रक्त घशात उतरत होतं.

सुरतेच्या दवाखान्यात माझ्या मनगटात धातूची पट्टी बसवली. नाकात बोळे असतानाच वनखात्याचा माणूस खाटेजवळ आला. मेली ती मादी होती, म्हणाला, दूध असलेली. पिल्लं सापडली नाहीत. कोण कोण होतं? मी सांगितलं. पहिलं नाव दादाचं घेतलं. त्यात सत्याची चाड किती आणि राग किती, हे मी नंतर पुष्कळदा तपासून पाहिलं. रागच जास्त निघतो. पण सांगितलं ते खोटं नव्हतं.

दादाला आणि आणखी काही जणांना पकडलं. नातेवाइकांत आग लागली. मावशी घरी येऊन माझ्या समोर उभी राहून छाती पिटायला लागली. "त्याने तुला वाचवलं रे! त्याने आधी मारलं म्हणून लोकांनी तुला जिवंत सोडलं. कॅमेरा फोडला तो तुझ्यासाठी. आणि तू त्यालाच आत घातलंस?" सगळ्या नात्यात हीच गोष्ट पसरली. सांत्वनाला येणारे जाताना मलाच समजावून जायचे. इतक्या वेळा ऐकलं, की मलाही ती पटायला लागली. खरंच, दुसऱ्या कोणी पहिला वार केला असता तर तो कोयत्याच्या धारेने केला असता. मी बायकोला तसं म्हणालो. ती माझ्या हाताला तेल लावत राहिली.

जामिनावर सुटल्यावर दादा घरी आला. बायकोने पाणी दिलं नाही. तो दाराजवळच्या खुर्चीत बसला, पँट वर करून पोटरीवरचे वण खाजवू लागला. मी म्हणालो, "दादा, एकच विचारतो. मला वाचवायला मारलंस ना?"

त्याने पँट खाली ओढली.

"आई तसं सांगते," तो म्हणाला. "मीच सांगितलं तिला. पण नाही. बिबट्या मरी गया व्हता, भाऊ, पण हात थांबत नव्हते. समोर तू दिसलास. दुसरा कोणी असता तर त्याला मारलं असतं."

"मी आहे हे कळत होतं तुला?"

"कळत होतं ना. म्हणूनच तर इतक्या जोरात बसला."

बायको ओट्याजवळ उभी होती. तिने स्टीलचा तांब्या उचलला आणि फेकून मारला. तो दादाच्या भुवईवर बसला. रक्त आलं. "भाऊजी, उठा," ती म्हणाली, "उठा आणि चालते व्हा, नाहीतर मी आणखी मारीन. माझेही हात थांबणार नाहीत." दादा उठला. भुवईवर तळवा दाबून जिना उतरला. ती रात्रभर रडली. मला मात्र, सांगायला विचित्र वाटतं, त्या दिवसापासून झोप लागू लागली.

नवा कॅमेरा घ्यायला मी बऱ्याच दिवसांनी गेलो. मनगट अर्धंच वळत होतं आणि डॉक्टरांनी जड धरायला मनाई केली होती. दुकानदाराला हे माहीत नव्हतं. पक्ष्यांचे फोटो काढतो म्हटल्यावर त्याने वजनाला हलकी म्हणून एक नवी झूम माझ्या हातात दिली. "जुओ तो खरा, वजन ओछुं छे." मी काउंटरवर कोपर टेकवून दारातून रस्त्यावर लावली. समोरच्या फुटपाथवर एका माणसाने रिक्षाला थांबवायला हात वर केला. सहाशेवर तो हात एकदम तोंडावर आला. मी इतक्या जोरात मागे सरकलो, की पाठ काचेच्या कपाटावर आदळली आणि काच तडकली. दुकानदार आधी ओरडला, मग माझा चेहरा पाहून त्याने मला बसवलं.

मी घेतला तो छोटा कॅमेरा, एका हातात मावणारा, त्यावर पस्तीसची एकच लेन्स. झूम नाही. जवळ जायचं असेल तर पायांनी जायचं. प्रवासात पिशवी हलकी राहते, बाजारात कोणी वळून बघत नाही, संध्याकाळच्या उजेडातही काम देते. बगळ्याचा मात्र पुन्हा तांदूळ झाला.

कोर्टाच्या एका तारखेला ती बाई साक्षीला आली होती. डोक्यावरून पदर घट्ट ओढलेला. मला तिने आधी ओळखलं. भरपाईसाठी जखमेचा फोटो लागतो, म्हणाली, भाच्याने मोबाईलवर काढला तो साहेबांनी परत केला, काही दिसत नाही म्हणून. तू काढशील?

आवाराच्या भिंतीला सावली होती. तिने पदर मागे घेतला. केस एका बाजूला उगवलेच नव्हते, कातडी चकाकत होती, कानाच्या जागी सुरकुतलेलं भोक. या लेन्सने एवढं टिपायला मला तिचा श्वास लागेल इतकं जवळ जावं लागलं. मी बटणावर बोट ठेवून थांबलो. "काढ, काढ," ती म्हणाली, "दुखत नाही आता."

काढून झाल्यावर तिने पदर नीट केला.

"तिचा फोटो होता ना तुझ्याकडं?" तिने विचारलं. "मी तोंडच पाहिलं नाही तिचं. मागून आली. सगळे सांगतात, पण मला दिसलीच नाही."

मी म्हणालो, फोटो राहिला नाही. कार्ड ठेचलं त्यांनी.

"तू पाहिलंस ना पण?"

"पाहिलं."

"मग सांग."

आत नाव पुकारायला वेळ होता. आम्ही भिंतीला टेकून बसलो आणि मी सांगायला लागलो: रंग कसा होता, पोटाकडे पांढरट होत गेलेला, मिशा किती लांब होत्या. मार बसण्याआधीचं सांग, ती म्हणाली. तेवढंच सांगितलं.