गुडघ्याएवढी निळी पट्टी

सगळं गाव तिला 'पट्टीवाली' म्हणायचं. हवामान बदलतंय, नदी आता पूर्वीसारखी वागणार नाही, हे लोकांना समजावणाऱ्या संस्थेत ती कामाला होती. घरोघर जायचं, पुराचं पाणी जिथवर येऊ शकतं तिथे भिंतीवर निळी चिकटपट्टी लावायची आणि मोलाचं सामान तिच्या वर ठेवायला सांगायचं. संस्थेची शिकवण एकच, लोकांना घाबरवू नका. घाबरलेला माणूस दार लावून घेतो.

दारोदार हिंडून हिंडून तिचे गुडघे कामातून गेले होते. त्यात अर्धं काम पालथ्या घड्यावर पाणी. एक गृहस्थ तर म्हणाले, "लावताय तर जरा सरळ लावा, शोभेल तरी!" ती हसली. हसायचेसुद्धा आता कष्ट पडत.

दिव्याखाली अंधार म्हणतात तो तिच्या थोरल्या बहिणीकडे होता. भाऊजी गेल्यापासून ताई नदीकाठी तळमजल्यावर एकटी राहायची आणि दाराची कडी वाजली तरी दचकायची. म्हणून तिच्या भिंतीवर पट्टी लागली ती गुडघ्याएवढी. खरी जागा छातीएवढ्या उंचीवर होती. नंतर सांगू, नंतर सांगू म्हणता म्हणता राहून गेलं.

मग एका दुपारी पुराचा इशारा आला. धाकटी धापा टाकत पोचली, तर ताईने विटा लावून पलंग बरोबर पट्टीच्या वर उचललेला.

"शेजारीण पळाली लेकीकडे," ताई ऐटीत म्हणाली. "मी म्हटलं, माझी बहीणच त्यातली जाणकार. मी इथेच झोपणार."

धाकटीने पट्टी उचकटली आणि छातीच्या उंचीवर लावली.

ताई बघत राहिली. "हे तेव्हाच ठाऊक होतं तुला?"

"हो. तू घाबरली असतीस, ताई."

"यांच्या आजारपणातही तुम्ही सगळ्यांनी हेच केलंत. घाबरायचं तरी माझं मला ठेवा गं."

तिने भाऊजींचा फोटो पदरात गुंडाळला. दोघी टॅक्सीत बसल्या.

"तुझ्या घरी पाणी येतं?"

"तिसरा मजला आहे, ताई. नाही येत."

ताईने मान डोलावली. मग पुढे वाकून टॅक्सीवाल्याला विचारलं, "हिच्या घरी पाणी येतं का हो?"