चाचाने साहेबासाठी निवडलेलं घर

कुठलंही घर बघायला गेलं की चाचा आधी उंबऱ्यावर घराकडे पाठ करून उभा राहायचा. म्हणायचा, "भिंती काय बघायच्या? दारातनं माणूस दिसतोय का, ते बघा."

असा एखादा माणूस तुम्हीही पाहिला असेल. आमचा चाचा दाभोळकडचा कोकणी मुसलमान, कुवेतमधल्या अहमदी या तेलाच्या गावात एका इंग्रज साहेबाकडे खानसामा. मी त्याच साहेबाच्या ऑफिसात कारकून. साठ सालानंतरची ही गोष्ट.

साहेब निवृत्त होणार होता. बायको वारलेली, मूलबाळ नाही. विलायतेतल्या त्याच्या जुन्या गावाहून भाचीने दोन घरांचे फोटो पाठवले. साहेबाने ते स्वयंपाकघरातल्या टेबलावर मांडले आणि मला दुभाष्या म्हणून बसवलं.

एक घर दगडी, फार जुनं, टेकडीवर एकटंच. दुसरी चर्चजवळची खोल्यांची ओळ, गावच्या एकट्या म्हाताऱ्यांसाठी कुणीतरी धर्मादाय बांधलेली.

"धर्मादाय खोलीत मी जाणार नाही," साहेब चाचाला म्हणाला. "दगडी घर घेतो. तूही चल माझ्याबरोबर."

चाचाने साहेबाच्या सुजलेल्या गुडघ्यांकडे पाहिलं आणि दुसरा फोटो पुढे ओढला. खोल्यांसमोर बाकावर तिघे म्हातारे बसले होते.

"हे कोण?"

साहेबाने चष्मा लावला. त्यातला एक त्याच्या शाळेतला निघाला.

"मग झालं की! इथे हाक मारली तर ओ तरी येईल. टेकडीवर मी आधी मेलो, तर तुम्हाला चहा कोण देणार?"

"म्हणजे तू येणार नाहीस?"

"माझं घर आहे, साहेब. खाडीकाठी. मी बांधलंय. हे घर तुमच्यासाठी बघायचं, माझ्यासाठी नाय."

साहेबाने ती खोली घेतली. पण आपण धर्मादाय खोलीत राहणार, हे कुवेतात कुणाला कळू नये, एवढंच त्याने मागितलं. चाचाने मलाही शपथ घातली.

आता दोघेही नाहीत, म्हणून सांगतो. साहेबाने चाचाला वाऱ्यावर सोडलं, असं गावाकडे अजून बोलतात, आणि ते ऐकून माझी मान खाली जाते. साहेब त्याला न्यायला तयार होता. चाचाच गेला नाही.

साहेब विलायतेला गेला त्या आठवड्यातल्या जुम्म्याला चाचाने फिंतासच्या किनाऱ्यावरून मासळी आणून आम्हा सगळ्या गाववाल्यांना जेवू घातलं. साहेब चाचाला बरोबर नेणार, असं सगळे धरून चालले होते. जेवता जेवता एकाने टोमणा मारलाच, "काय चाचा, कुठे गेली तुमची विलायत? दिल्या ना साहेबानं हातावर तुरी!"

सगळे हसले. मी बोलायला तोंड उघडलं. चाचाने माझ्याकडे फक्त एकदा पाहिलं आणि तव्यावरची सुरमई उलटली.

"काय करणार?" तो ताठ मानेने म्हणाला. "बोटीवर जागाच नव्हती."