पडक्या देवळाचा करगोटा

ज्याने आभाळाचे छत घातले आणि खांब एकही लावला नाही, त्या दयाघनाला प्रथम वंदन. त्याच्या मातेला वंदन. आणि मग नाव घ्यावे ग्रीसच्या पिंदस डोंगरातल्या आसिमिनाचे, मधमाश्या पाळणाऱ्या एकट्या विधवेचे.

गावावरच्या टेकाडावर पवित्र मातेचे सातशे वर्षांपूर्वीचे ख्रिस्ती देऊळ. छप्पर कधीच कोसळलेले, उत्तरेची भिंत भुईला मिळालेली. पूर्वेच्या कमानीत मातेच्या रंगवलेल्या चित्रातला अर्धा चेहरा तेवढा उरलेला, एक डोळा, आणि त्या डोळ्याखाली सारी दरी.

गावाला रस्ता मंजूर झाला. देऊळ आड येते, दगड भरावाला कामी येतील, असे सरपंच कोस्मासने जाहीर केले. जिथे घंटा नाही, पाद्री नाही, तिथे देव तरी कशाला राहील, असेही वर म्हणाला.

आसिमिना वाद घालत बसली नाही. रोगाची साथ आली की आज्या-पणज्या करीत तेच तिने केले: कापसाचे सूत कातले, मेणात बुडवले आणि देऊळ पाडायचे यंत्र यायच्या सकाळी देवळाच्या कमरेला करगोट्यासारखे बांधले. असे सूत तोडायला त्या डोंगरात कोणाचा हात धजत नाही. पण उत्तरेला भिंतच नव्हती. तिथे तिने सूत स्वतःच्या कमरेला वेढले आणि खिंडारात भिंत होऊन उभी राहिली.

यंत्रवाला स्तेर्गिओस सूत पाहताच खाली उतरला. सरपंचाने दटावले, तसा म्हणाला, "ही घ्या किल्ली. तुम्हीच चालवा."

सरपंचाने चाकू काढला.

"काप, कोस्मास," आसिमिना म्हणाली. "शाप नाही देणार. तुला गोवर आला तेव्हा तुझ्या आईनं हेच सूत इथं बांधलं, दुसरं टोक मी धरलं होतं. तू काप, मी गाठ मारीन. पुन्हा काप, पुन्हा मारीन. चाकू बोथट होईल बाबा, सूत नाही संपायचं."

"मग रस्ता काय तुझ्या डोक्यावरून नेऊ, काकू?"

"माझ्या मळ्यातून ने."

खालचा द्राक्षमळा तिच्या नवऱ्याने लावलेला. दुसरी जमीन तिला नव्हती. कोस्मासने चाकू मिटला.

वेली उपटल्या जात होत्या, ती पाहत होती. डोळे भरले, पण कमरेचे सूत तिने सोडले नाही.

रस्ता तिथे वळला. कोस्मास पुढे तिच्याशी बोलला नाही. तिनेही मनधरणी केली नाही.

माते, या आसिमिनाच्या चुलीला धग राहो, तिच्या उंबऱ्यावर येणाऱ्याला भाकरी मिळो, आणि तिची मान अशीच ताठ राहो.